वाळवंटातील ऑलिव्ह : एका तेलाची लागवड, पारख आणि चव

मराठीतील 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल' या शब्दावरून आला आणि 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. तीळ हे आपल्याकडील आद्य तेलबी असल्याने पुढे सर्वच स्निग्ध द्रवांना त्याचे नाव मिळाले. भूमध्य सागराच्या परिसरात नेमके हेच घडले; मात्र तेथे मान मिळाला तो ऑलिव्हला. तेलासाठीचा लॅटिन शब्द 'ओलेउम' हा ऑलिव्हच्या नावावरूनच तयार झाला. अरबी भाषेत तेलाला 'जैत' आणि ऑलिव्हला 'जैतून' म्हणतात. यातील 'जैत' पोर्तुगालमध्ये 'अझेइत' झाले, तर 'जैतून' फारसीच्या मार्गाने हिंदीत आणि मराठीत आले. बायबलच्या मराठी अनुवादात ऑलिव्हला जैतून हेच नाव आहे.

शब्द भारतात शतकांपूर्वी पोहोचला. व्यापारी तत्त्वावर लागवडीचा मोठा प्रयत्न मात्र २००८ मध्ये, राजस्थानात सुरू झाला. आज शहरांतील दुकानांत ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या सर्रास दिसतात आणि त्यांतील बहुतेक सर्व तेल आयात केलेले असते. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या देशात हे झाड रुजेल का, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आणि शेंगदाणा तेलाच्या कित्येक पट किंमत मोजून घेतलेल्या बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न गृहिणीच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे.

पारिजातकाचे कूळ

ऑलिव्हचे शास्त्रीय नाव 'ओलिया युरोपिया'. ज्या वनस्पतिकुळात जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक येतात, त्याच कुळातील हे सदाहरित झाड आहे. पाने अरुंद, वरून गर्द हिरवी आणि खालून रुपेरी असतात. ही रुपेरी लव पानांतील पाणी उडून जाऊ देत नाही, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही झाड तग धरते. फुले बारीक, पिवळसर पांढरी असून परागीभवन मुख्यतः वाऱ्याने होते. झाड फुलांनी लहडलेले दिसले, तरी शेकडा एक-दोन फुलांचेच फळ होते.

ऑलिव्हचे आयुष्य दीर्घ असते. ग्रीसमधील क्रीट बेटावरील वूव्ह्स या गावातील एक झाड दोन हजार वर्षांहून जुने मानले जाते आणि त्याला आजही फळे येतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या वेळी विजेत्यांच्या मुकुटांसाठी या झाडाच्या डहाळ्या वापरण्यात आल्या होत्या. खोड जळाले किंवा तोडले गेले, तरी बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. आजोबाने लावलेल्या झाडाचे फळ नातवाने खावे, ही आंब्याच्या बाबतीत आपल्याकडे असलेली भावना भूमध्य सागरी प्रदेशात ऑलिव्हच्या बाबतीत आढळते.

आंब्याशी आणखी एक साम्य आहे. एका वर्षी भरघोस बहर आला, की पुढील वर्षी झाड बहुधा विश्रांती घेते. आदल्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांद्यांवरच फळ धरत असल्याने, फळांच्या भारामुळे फांद्यांची वाढ खुंटली की पुढच्या वर्षीचा बहर उणावतो. ही ओढ कमी करण्यासाठी नियमित छाटणी हाच प्रमुख उपाय आहे.

थंडीचा हिशेब

ऑलिव्हला उष्ण आणि कोरडा उन्हाळा चालतो. जमीन उत्तम नसली तरी चालते. थोडाफार खारेपणाही ते सहन करते. त्याला दोन गोष्टी मात्र अजिबात खपत नाहीत. पहिली, मुळाशी साचून राहिलेले पाणी. दुसरी, थंडीचा अभाव. हिवाळ्यात काही आठवडे तापमान पुरेसे खाली गेल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. थंडी फार कडक झाली, पारा शून्याच्या बराच खाली गेला, तर कोवळे झाड दगावते. म्हणजे थंडी हवी, पण बेताची.

जगातील बहुतेक ऑलिव्ह विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ३० ते ४५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात का पिकते, याचे उत्तर या हिशेबात आहे. महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्याच्या बरेच दक्षिणेला आहेत. कोकणात किंवा देशावर बागेची शोभा म्हणून ऑलिव्हचे रोप जगू शकते. परंतु उत्पन्न देण्याइतकी फळे त्याच्याकडून अपेक्षिणे योग्य ठरणार नाही. रोपे विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

राजस्थानचा प्रयोग

राजस्थानातील बिकानेर, श्रीगंगानगर हे जिल्हे या पट्ट्याच्या दक्षिण सीमेजवळ येतात. तेथे उन्हाळा अत्यंत कडक असला, तरी हिवाळ्यातील रात्री गारठवणाऱ्या असतात. इस्रायलने नेगेव्ह वाळवंटात ऑलिव्ह पिकवून दाखविले होते. त्या अनुभवाच्या आधारे राजस्थान सरकारने २००७ मध्ये 'राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. तिच्यात राज्याचे कृषी पणन मंडळ, इस्रायलमधील एक कंपनी आणि ठिबक सिंचन क्षेत्रातील पुण्याची एक कंपनी असे तीन भागीदार होते.

२००८ पासून इस्रायलहून आणलेली सुमारे १ लाख १२ हजार रोपे सात सरकारी शेतांवरील १८२ हेक्टर क्षेत्रात लावण्यात आली. बार्निया, अर्बेक्विना, कोराटिना, पिशोलिन, पिकुअल, फ्रान्तोयो आणि कोरोनेइकी या सात जाती निवडण्यात आल्या. अनेक जाती एकत्र लावण्यामागे कारण होते. ऑलिव्हच्या बऱ्याच जातींत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड असावे लागते. शिवाय कोणती जात कोणत्या मातीत रमेल, हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते.

रोपे जगली. ठिबक सिंचनाने प्रत्येक झाडाच्या मुळाशी मोजके पाणी पोहोचले आणि वाळूत हिरव्या रांगा उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये 'राज ऑलिव्ह ऑइल' या नावाने तेल बाजारात आले. पुढील वर्षी ऑलिव्हच्या पानांपासून तयार केलेल्या चहाचे उत्पादनही राज्यात सुरू झाले.

परंतु झाड जगणे आणि झाडाने फळ देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, याचा प्रत्ययही याच प्रयोगातून आला. सर्व शेतांवर सारखी फळधारणा झाली नाही. जेथे हिवाळा सौम्य, तेथे झाडे वाढली. फळे मात्र बेताचीच लागली. ज्या वर्षी थंडी उशिरा आली किंवा लवकर ओसरली, त्या वर्षी बहर घटला. अनुदानाच्या आधारे लागवड करणाऱ्या शेतकऱ्यापुढे आणखी एक अडचण होती. मोहरीचे पीक चार-पाच महिन्यांत हाती येते आणि जवळच्या बाजारात विकले जाते. ऑलिव्हची पहिली फळे दिसण्यास तीन ते पाच वर्षे लागतात आणि ती तोडल्यानंतर एक-दोन दिवसांत घाण्यावर पोहोचली पाहिजेत. कारखाना दूर असेल, तर हाती आलेले फळही नासते. बाग लावण्यापूर्वी हवामानाइतकीच कारखान्याची आणि खरेदीदाराची खात्री करून घ्यावी, हा राजस्थानच्या प्रयोगाचा सर्वांत उपयुक्त धडा आहे.

हिमालयातील नातलग

ऑलिव्ह भारताला संपूर्णपणे परके नाही. जम्मू, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडाच्या डोंगरउतारांवर त्याचा एक रानटी नातलग पूर्वीपासून वाढतो. त्याला स्थानिक लोक 'काहू' म्हणतात. त्याचे लाकूड कठीण असल्याने ते अवजारांच्या दांड्यांसाठी वापरले जाते. फळ मात्र लहान, बहुतांशी बीच असलेले आणि गर अगदी थोडा. या काहूच्या खुंटावर युरोपीय जातींची कलमे बांधण्याचे प्रयोग डोंगराळ भागांत झाले आहेत. तेथे थंडी पुरेशी असते. मात्र फुलोऱ्याच्या वेळचा पाऊस आणि विखुरलेली लहान शेते या मर्यादा आहेत.

फळातून तेल

शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी ही सर्व तेले बियांतून निघतात. ऑलिव्हचे तेल मुख्यतः फळाच्या गरात असते. या अर्थाने ते तेल कमी आणि फळाचा रस अधिक आहे. रस जितका ताजा, तितका चांगला. हाच नियम येथेही लागू पडतो.

हिरवे आणि काळे ऑलिव्ह ही दोन वेगळी फळे नसून एकाच फळाच्या दोन अवस्था आहेत. फळ आधी हिरवे, मग जांभळट आणि शेवटी काळे होते. कोवळ्या हिरव्या फळांतून तेल कमी निघते, पण ते अधिक सुवासिक आणि तिखटसर असते. पिकलेल्या फळांतून तेल अधिक निघते. चव मात्र सौम्य होते. एक लिटर तेलासाठी साधारणतः पाच किलो फळे लागतात. जात आणि पक्वता यांनुसार हे प्रमाण कमी-अधिक होते.

तोडलेली फळे धुऊन बियांसकट भरडली जातात. तयार झालेला लगदा अर्धा-पाऊण तास संथपणे घुसळला जातो, त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. नंतर वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तेल, पाणी आणि चोथा वेगळे केले जातात. या सर्व काळात तापमान २७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी ठेवले असेल, तरच युरोपीय नियमांनुसार बाटलीवर 'शीत पद्धतीने काढलेले' असे लिहिता येते. उष्णता वाढविली तर तेल अधिक निघते, पण सुवास उडून जातो. लाकडी घाण्याचे तेल आणि कारखान्यातील शुद्ध केलेले तेल यांतील फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

लेबल वाचताना

ऑलिव्ह तेलाच्या बाबतीत ग्राहकाची सर्वाधिक फसगत होते ती नावांमुळे. माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषद ही संस्था १९५९ पासून कार्यरत असून, तिने ठरविलेल्या प्रतवारीनुसार मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

एक्स्ट्रा व्हर्जिन : केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेले तेल. मुक्त आम्लाचे प्रमाण कमाल ०.८ टक्के. प्रशिक्षित परीक्षकांनी चाखल्यावर त्यात एकही दोष आढळता कामा नये.

व्हर्जिन : पद्धत तीच, आम्लाचे प्रमाण कमाल २ टक्के. चवीतील किंचित दोष क्षम्य.

ऑलिव्ह ऑइल, अर्थात 'प्युअर' किंवा 'लाइट' या नावांनी विकले जाणारे तेल : दोष काढून टाकण्यासाठी शुद्धीकरण केलेल्या तेलात थोडे व्हर्जिन तेल मिसळून हे तयार होते. येथे 'लाइट' म्हणजे रंग आणि चव सौम्य. उष्मांक कमी नव्हेत.

पोमेस ऑइल : तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून रासायनिक द्रावकाच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले तेल. आपल्याकडे पेंडीतून अशाच पद्धतीने तेल काढले जाते. भारतात स्वयंपाकासाठी म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या ऑलिव्ह तेलांत याचा वाटा मोठा आहे. ते खाण्यास अयोग्य नाही. परंतु एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा सुवास आणि त्यातील नैसर्गिक घटक त्यात जवळपास नसतात. एकाचे गुण सांगून दुसरे विकले जात नाही ना, एवढे ग्राहकाने पाहावे.

बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा असावा. कारण प्रकाश, उष्णता आणि हवा हे या तेलाचे तीन शत्रू आहेत. फळतोडीचे वर्ष छापलेले असेल तर उत्तम. वाइनप्रमाणे हे तेल जुने होऊन मुरत नाही, ते केवळ खवट होते. उघडलेली बाटली शेगडीजवळ न ठेवता दोन-तीन महिन्यांत संपवावी. घरात वापर कमी असेल, तर लहान बाटली घेणेच शहाणपणाचे.

चव कशी पारखावी

जाणकार परीक्षक तेल निळ्या काचेच्या लहान पेल्यात घेतात. रंगावरून मत बनू नये, हा त्यामागील हेतू. कारण हिरवेपणा म्हणजे उत्तमपणा नव्हे. घरी साधी वाटीही पुरते. चमचाभर तेल वाटीत घेऊन ती तळहातावर धरावी, वर दुसरा हात झाकावा आणि थोड्या उबेनंतर वास घ्यावा. चांगल्या तेलाला कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोचा किंवा हिरव्या बदामाचा गंध येतो. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा मेणासारखा वास आला, तर तेल खवटले आहे असे समजावे.

नंतर घोटभर तेल जिभेवर फिरवून गिळावे. किंचित कडवटपणा आणि घशाशी जाणवणारी झणझणीत टोच हे दोष नसून गुण आहेत. ही टोच ज्या घटकामुळे येते, त्याला 'ओलिओकॅन्थल' म्हणतात. दाह कमी करणाऱ्या आयबुप्रोफेन या औषधाशी त्याच्या गुणधर्माचे साम्य असल्याचे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पहिल्यांदा चांगले तेल चाखणाऱ्याला ठसका लागतो आणि तेल बिघडले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ती ताजेपणाची खूण असते.

मराठी स्वयंपाकघरात

हे तेल तापवू नये, हा समज पूर्णतः खरा नाही. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलातून धूर येण्यास साधारणतः १९० अंशांपुढील तापमान लागते आणि घरगुती तळण बहुधा १७० ते १८० अंशांवर होते. स्पेन आणि ग्रीसमध्ये याच तेलात तळण होते. मात्र तापविल्यावर सुवास उडतो आणि त्या सुवासासाठीच तर जास्त पैसे मोजलेले असतात. शिवाय मोहरी, हिंग आणि हळदीच्या फोडणीत त्याचा स्वतःचा सूर ऐकू येत नाही. फोडणीसाठी शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेलच अधिक शोभते.

ऑलिव्ह तेलाची खरी जागा आपल्याकडील 'वरून कच्चे तेल' या जुन्या प्रथेत आहे. लसणीच्या कोरड्या चटणीवर, ठेच्यावर, मेतकूट-भातावर किंवा झुणक्यात केलेल्या खड्ड्यात कच्चे तेल घेणाऱ्या घरांना ही कल्पना नवी नाही. भाजलेल्या वांग्याच्या भरितावर चमचाभर ऑलिव्ह तेल घालून पाहावे. पश्चिम आशियातही भाजलेल्या वांग्यात तिळाचे वाटण आणि लसूण घालून वर हेच तेल सोडतात. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत, उकडलेल्या हरभऱ्यावर, मुगाच्या उसळीवर किंवा ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ते चांगले लागते. प्रमाण मात्र चमच्याचे असावे.

गोव्यातील पोर्तुगीज वळणाच्या स्वयंपाकात ऑलिव्ह आणि त्याचे तेल ही जुनीच ओळख आहे. खारवलेल्या कॉड माशाच्या सॅलडवर ते कच्चेच घातले जाते.

कडू फळाचे लोणचे

झाडावरून तोडलेले ऑलिव्ह खाता येत नाही. 'ओलियुरोपीन' नावाच्या घटकामुळे ते कमालीचे कडू असते. हा कडूपणा घालविण्याची पद्धत आपल्या खारवलेल्या कैऱ्या-आवळ्यांच्या जवळची आहे. फळांना चिरा देऊन ती पाण्यात ठेवतात, आठवडा-दहा दिवस रोज पाणी बदलतात आणि नंतर मिठाच्या पाण्यात मुरवतात. काही ठिकाणी आख्खी फळे थेट मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने आंबवतात. कारखान्यांत वेळ वाचविण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण वापरून ती नंतर धुतली जातात.

पिझ्झावर दिसणाऱ्या एकसारख्या काळ्या चकत्या बहुधा झाडावर पिकलेल्या नसतात. हिरव्या फळांतून हवा खेळवून आणि रंग टिकविण्यासाठी लोहाचा क्षार वापरून त्या काळ्या केल्या जातात. बाटलीतील ऑलिव्हमध्ये मीठ पुष्कळ असल्याने ती धुऊन घ्यावीत. रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावीत.

आरोग्याचे दावे

ऑलिव्ह तेलात ओलिइक आम्ल हे एक-असंपृक्त स्निग्धाम्ल प्रामुख्याने असते. स्पेनमधील ७,४४७ व्यक्तींवर झालेल्या 'प्रेडिमेड' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागींच्या गटविभागणीतील त्रुटी उघड झाल्याने तो निबंध मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध करण्यात आला. भूमध्य सागरी आहारात एक्स्ट्रा व्हर्जिन तेल किंवा सुकामेवा घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले, हा मुख्य निष्कर्ष त्यानंतरही कायम राहिला.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. त्या आहारात भाज्या, कडधान्ये, फळे आणि मासे भरपूर होते. नेहमीच्या तळणाला ऑलिव्ह तेलाची जोड दिल्याने काही साधत नाही. एक ग्रॅम ऑलिव्ह तेलातही इतर तेलांइतकेच, म्हणजे ९ उष्मांक असतात.

शनिवार तेली

मराठी भाषकांचा ऑलिव्हच्या भूमीशी एक वेगळा ऋणानुबंधही आहे. कोकणातील बेने इस्रायली समाज पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारी, साब्बाथच्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने तेथे स्थायिक झाली. त्यांच्यासाठी तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. तीळ आणि नारळ यांच्या तेलावर पोसलेला हा समाज अशा रीतीने ऑलिव्हच्या देशात गेला आणि पुढे त्याच देशातून ऑलिव्हची रोपे राजस्थानात आली.

बदलते हवामान

ऑलिव्हचे पारंपरिक प्रदेशही आता निर्धास्त राहिलेले नाहीत. इटलीच्या पुलिया प्रांतात २०१३ मध्ये 'झायलेला' या जिवाणूचा प्रादुर्भाव आढळला. झाडाच्या पाणीवाहिन्या तुंबविणाऱ्या या रोगाने तेथील लक्षावधी झाडे वाळली. त्यांत कित्येक शतके जुनी झाडेही होती. जगातील सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या स्पेनमध्ये २०२२ च्या दुष्काळामुळे उत्पादन आदल्या हंगामाच्या निम्म्याहूनही खाली आले. पुढील हंगामही बेताचाच गेला आणि २०२४ च्या प्रारंभी भाव विक्रमी पातळीवर पोहोचले. २०२४-२५ च्या हंगामात उत्पादन सावरले आणि भाव उतरले.

सौम्य होत जाणारे हिवाळे ही राजस्थानइतकीच स्पेनमधील शेतकऱ्यांचीही चिंता आहे. कोणत्या जाती कमी थंडीत फळ धरतील, याच्या शोधात दोन्हीकडील अनुभव मोलाचे ठरणार आहेत. लूणकरणसरच्या वाळूत उभ्या असलेल्या रांगांकडे केवळ यश किंवा अपयश म्हणून न पाहता नोंदवही म्हणून पाहिले पाहिजे. कोणत्या झाडाने कोणत्या हिवाळ्यानंतर किती फळ दिले, हे त्या वहीत नेमकेपणाने लिहिले गेले, तर पुढे लागवड करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला रोप घेण्यापूर्वीच आपल्या शेताचे उत्तर मिळू शकेल.